तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता : स्पीच थेरपीचा आमचा अनुभव (दारव्हा, जि. यवतमाळ)

कपाशी

माझा मुलगा आता साडेचार वर्षांचा आहे. तीन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याजवळ मोजून सहा शब्द होते आणि त्यांतले दोन माझ्याशिवाय कोणाला कळत नसत. गेल्या दीड वर्षापासून त्याची स्पीच थेरपी सुरू आहे. या काळात मला जे समजले ते त्याच्या दुसऱ्या वर्षीच समजले असते, तर आमचे निदान एक वर्ष वाचले असते. आपल्या भागातल्या दुसऱ्या एखाद्या आईचे तरी ते वाचावे म्हणून हा धागा काढत आहे.

आमचे घर एकत्र कुटुंबाचे आहे. वावरात कपाशी आणि तूर, दारात दोन बकऱ्या आणि घरात सतत दहा माणसे. अशा घरात मूल बोलायला शिकणार नाही, असे कोणाच्या मनातही आले नाही. "पोट्टे उशिराच बोलतात", "याचा बापही लय उशिरा बोलला" असे सगळे म्हणत. सासूबाईंनी वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावले, शेजारच्या आजींनी पोपटाने उष्टावलेला पेरू शोधून आणला. दोघींनी हे जीव लावूनच केले, त्यामुळे मी त्यांना बोल लावत नाही. राग येतो तो तालुक्याच्या गावातील एका डॉक्टरांचा. त्यांनी त्याची जीभ पाहिली, "जिभेखालचा तंतू मोकळा आहे, पाच वर्षांपर्यंत वाट पाहा" असे सांगितले आणि त्याला ऐकू येते का, हे तपासायचे त्यांना सुचले नाही. तेव्हा मलाही ते सुचले नव्हते.

पुढे अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या मागे उभे राहून आधी हळू आणि मग थोड्या मोठ्या आवाजात हाक मारली. तो खेळण्यातली बंडी ओढतच राहिला. त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्राची, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली. तिथून पुढे त्याची बेरा तपासणी झाली. मुलाला झोपवून कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोहोचते ते यंत्रावर पाहतात. त्यात दुखण्यासारखे काही नसते. कानाच्या पडद्याची हालचाल पाहणारी आणखी एक तपासणी झाली. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचले होते. सतत सर्दी असायची, तिचाच हा परिणाम. त्याला ताटली पडल्याचा आवाज येत होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण बोलण्यातले बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. भिंतीपलीकडे कोणी बोलावे, तसे त्याला सगळे ऐकू येत असणार.

कानांचे उपचार झाले आणि ऐकू येऊ लागले. आता हा आपोआप बोलेल, असे आम्हाला वाटले होते. तसे झाले नाही. भाषा शिकायची दोन वर्षे त्याच्या हातून निघून गेली होती आणि तेवढ्या काळात हात ओढून, बोट दाखवून किंवा रडून काम भागवायची त्याला सवय लागली होती.

थेरपीचा पहिला दिवस मला जसाच्या तसा आठवतो. जिभेचे व्यायाम करून घेतील, अशी माझी समजूत होती. थेरपिस्ट ताई सतरंजीवर त्याच्या समोर बसल्या आणि घट्ट झाकणाचा एक पारदर्शक डबा त्यांनी त्याच्या हातात दिला. डब्यात मुरमुरे होते. त्याने झाकण ओढून पाहिले, ते निघाले नाही, म्हणून डबा माझ्याकडे सरकवला. मी लगेच झाकण काढले. ताई म्हणाल्या, "आई, त्याच्या ओठांवर येणारा शब्द तुम्हीच उचलून घेतला." मग त्यांनी झाकण परत लावले, डबा त्याला दिला आणि मला मनात दहापर्यंत मोजायला सांगितले. तीन-चारपर्यंत तो डबा हलवत होता. सात-आठला त्याने मान वर करून ताईंच्या तोंडाकडे पाहिले आणि "उ" असा आवाज काढला. ताईंनी त्याच क्षणी "उघड!" म्हणत झाकण काढले आणि चार मुरमुरे त्याच्या हातावर ठेवून डबा पुन्हा बंद केला. अर्ध्या तासात हे किती वेळा झाले ते मी मोजले नाही, पण निघताना तो "उघ" म्हणत होता. येस्टीत बसल्यावर मला रडू आले.

पुढे कळले की थेरपिस्ट आठवड्याला अर्धा तास भेटणार आणि बाकीचा सगळा वेळ मूल घरच्यांजवळ असणार. म्हणून खरे शिक्षण घरच्यांनाच घ्यावे लागते. ताईंनी आम्हाला आधी वस्तूंची नावे शिकवायला सांगितलीच नाहीत. "दे", "ये", "अजून", "नको", "उघड", "संपलं" हे शब्द आधी आले पाहिजेत, कारण ते उच्चारल्याबरोबर काहीतरी घडते आणि शब्दाने काम होते हे मुलाला कळते. तो "पानी" म्हणाला की मी "थंड पानी" म्हणायचे आणि तो दोन शब्द बोलला की मी तीन. जेवताना "भाकर देऊ की पोळी?" असे दोन्ही गोष्टी समोर धरून विचारायचे. "हे काय? ते काय? बोलून दाखव!" असे प्रश्न मात्र बंद करायचे, कारण परीक्षा घेतली की मूल तोंड मिटून घेते. माझ्या जावेला आणि सासऱ्यांनाही हे समजावून सांगावे लागले. मामंजींना दहापर्यंत थांबणे सर्वांत जड गेले. नातवाने हात पुढे केला की त्यांचा हात खिशातल्या गोळीकडे जायचा. तरी ते थांबायला शिकले.

कापूस वेचणीच्या दिवसांत वेगळा वेळ काढणे शक्य नव्हते, म्हणून तुरीच्या शेंगा सोलताना, बकरीला पाला टाकताना, अंघोळीच्या वेळी असे जे हाताशी येईल त्यावरच बोलत राहिलो. मोबाईल जेवणाच्या वेळी पूर्ण बंद केला. पहिले दोन महिने फरक दिसला नाही. चौथ्या महिन्यात तो धावत आत आला आणि म्हणाला, "आई, बकरी पयाली." तीन शब्द होते आणि बातमी खरी होती. त्या दिवशी बकरी शोधायला कोणाला घाई झाली नाही.

इथे कोणी थेरपिस्ट असतील तर माझ्या लिहिण्यात काही चुकले असल्यास सांगावे, आणि इतरांनी आपले अनुभव लिहावेत.

पळसफूल

कपाशीताई, मी अमरावतीत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. आपण लिहिलेले बरोबर आहे. विशेषतः दहापर्यंत मोजणे हे कोणत्याही महागड्या साहित्यापेक्षा उपयोगी पडते.

थोडी भर घालते. बोलण्याला उशीर झाला की श्रवणतपासणी आधी, बाकी सर्व नंतर. खरे तर जन्मानंतर महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात, अशी कालमर्यादा पाळणे योग्य असते. आपल्याकडे हे क्वचितच होते, आणि मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत तर जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते, म्हणून तिथे अधिक जागरूक राहावे लागते. जीभ चिकटलेली असल्यामुळे मूल अजिबात बोलत नाही, असे होत नाही. तंतूमुळे फार तर काही उच्चार अडतात. तो कापून आणला आणि तरीही मूल बोलत नाही, असे पालक माझ्याकडे दर महिन्याला येतात.

वयाचा साधारण अंदाज असा धरावा. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि "आई ये", "दूध दे" अशा दोन शब्दांच्या जोड्या, तीन वर्षांपर्यंत लहान वाक्ये. चौथ्या वर्षाच्या सुमारास अनोळखी माणसालाही मुलाचे बहुतेक बोलणे समजले पाहिजे. मुले थोडी मागेपुढे होतात. पण दोन वर्षांच्या मुलाला दोन शब्द जोडता येत नसतील, तर तपासणी करून घ्यावी. दीड वर्षाचे मूल बोट दाखवून "ते बघ" असे सुचवत नसेल किंवा कोणत्याही वयात आलेले शब्द गमावत असेल, तर एक आठवडाही थांबू नये.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. तुमच्या मुलाचे "पयाली" हे वाक्य वाचून मला फार आनंद झाला, कारण ते शुद्ध वऱ्हाडी आहे. आपल्याकडे ळ चा य होतो, ण चा न होतो. डोळ्याला डोया आणि शाळेला शाया म्हणतात. पूर्वेकडे झाडीबोलीत त्याच ळ च्या जागी र येतो. मूल घरच्या माणसांसारखे बोलत असेल तर तो त्याचा उच्चारदोष नाही, त्याची भाषा नीट रुजल्याची ती खूण आहे. नव्याने काम सुरू करणारे काही थेरपिस्ट पुस्तकी मराठीची शब्दचित्रे दाखवतात आणि "केयं" म्हटले की चुकीची फुली मारतात. मी स्वतः पहिल्या वर्षी हे केले आहे. एका आजींनी मला विचारले, "म्या बी तसंच बोलतो बाई, मले बी शिकवनार का?" त्यानंतर मी प्रत्येक मुलासोबत घरातल्या एका मोठ्या माणसाचे बोलणेही ऐकून घेते. चार वर्षे उलटून गेल्यावरही "काका"चे "ताता" होत असेल तर मात्र तो वऱ्हाडीचा भाग नव्हे. तिथे जीभ पुढे जाते आणि क साठी ती मागे न्यायला शिकवावी लागते. आरसा समोर धरून, जिभेचे टोक बोटाने अलगद खाली दाबून किंवा मुलाला उताणे निजवून गुळण्या केल्यासारखा आवाज काढायला लावून आम्ही ते करून घेतो.

धारणीचा मास्तर

पळसफूल मॅडमनी बोलीचा मुद्दा मांडला, त्याला जोडून मेळघाटातली परिस्थिती सांगतो. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे, आणि तिचे कूळ मराठीपेक्षा पूर्ण वेगळे आहे. पहिलीत आलेले मूल महिनोन्महिने गप्प बसते, तेव्हा बाहेरून आलेला माणूस लगेच "याला बोलता येत नाही" असा शिक्का मारतो. तेच मूल मधल्या सुट्टीत मोहाच्या झाडाखाली कोरकूत भराभर भांडताना मी पाहिले आहे. उलट, एक मुलगी मराठीतही बोलत नव्हती आणि कोरकूतही. पण सगळ्यांचे मौन सारखेच समजल्यामुळे तिच्याकडे दोन वर्षे कोणाचे लक्ष गेले नाही. या चुकीत माझाही वाटा होता. तिच्या आईला मी विचारले तेव्हा कळले की घरीही ती फक्त खुणा करते. माझा प्रश्न असा आहे की अशा मुलांना थेरपी कोणत्या भाषेत द्यावी? काही जण पालकांना घरी मराठीच बोला असे सांगतात.

पळसफूल

मास्तर, आईला जी भाषा मनापासून येते त्याच भाषेत. दोन भाषांमुळे बोलण्यात दोष निर्माण होत नाही. आईला तोडकीमोडकी मराठी बोलायला लावली, तर मुलाच्या वाट्याला येणारी भाषा उलट कमी आणि कोरडी होते. खरा दोष असेल तर तो घरच्या भाषेतही दिसतो, म्हणून आपण त्या मुलीच्या आईला विचारले हेच सर्वांत महत्त्वाचे निदान होते. थेरपिस्टला कोरकू येत नसेल तर आईला सोबत बसवून, तिच्या तोंडून शब्द घेऊन काम करावे लागते. ते हळू चालते, पण चालते.

वर्धेचे आजोबा

माझा नातू चार वर्षांचा आहे. तो चांगला बोलत होता. मात्र गेल्या दिवाळीपासून "म म म मला" असे अडखळू लागला आहे. त्याचे काका लहानपणी तोतरे बोलत आणि शाळेत त्यांना फार चिडवले गेले, त्यामुळे घरात सगळेच घाबरले आहेत. आम्ही त्याला "हळू बोल, श्वास घे, पुन्हा सांग" असे म्हणतो. हे योग्य आहे काय?

पळसफूल

काका, तुमची काळजी मी समजू शकते. दोन ते पाच या वयात पुष्कळ मुले अडखळतात आणि त्यांतली बहुतेक पुढे आपोआप सुधारतात. मात्र मुलगा असणे, घरात तोतरेपणाचा इतिहास असणे आणि अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकणे, या तीन गोष्टी एकत्र असल्या तर थांबू नये. तुमच्याकडे तिन्ही दिसतात, म्हणून या महिन्यातच दाखवून घ्या.

"हळू बोल" हे सांगणे आजपासून थांबवावे. त्यातून मुलाला एवढेच कळते की आपण चुकीचे बोलतो, आणि मग ते शब्द टाळू लागते. त्याऐवजी तुम्ही स्वतः सावकाश बोला, तो बोलत असताना त्याच्याकडे शांतपणे पाहा, त्याचे वाक्य पूर्ण करून देऊ नका आणि तो कसा बोलला याकडे न पाहता काय बोलला त्याला उत्तर द्या. दिवसातून दहा मिनिटे त्याच्याशी एकट्याने, घाई न करता बोलणारे कोणीतरी घरात असू द्या. आजोबांपेक्षा त्यासाठी चांगले माणूस कोण असणार?

अंगणवाडी ताई, वाशीम

मी सेविका आहे. कपाशीताईंनी पथकाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. पथकाने अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करावी, असे त्यात ठरलेले आहे. अडचण अशी असते की पथक येते त्या दिवशी सोयाबीन सोंगणी असली तर मूल आईसोबत वावरात गेलेले असते, आणि जे मूल बोलत नाही त्याला घरचे लोक मुद्दाम आणत नाहीत, कारण चारचौघांत लाज वाटते. मी आता आदल्या संध्याकाळी अशा घरी स्वतः जाते. "मुका" हा शब्द मी वापरत नाही आणि कोणाला वापरू देत नाही. "याच्या कानाची तपासणी करून घेऊ" एवढेच म्हटले की आई तयार होते.

पथक नसतानाही मी स्वतः पाहते. मूल पाठमोरे असताना वाटी-चमचा न वाजवता त्याचे नाव घेते, कारण भांड्याच्या आवाजाकडे वळणाऱ्या मुलालाही बोलणे ऐकू येतेच असे नाही, हे कपाशीताईंच्या लिहिण्यातही आले आहे. कान फुटलेला असेल तर त्यात तेल घालू नका, हे मात्र अजूनही रोज सांगावे लागते.

गोंदियाहून बाबा

आमची मुलगी सहा वर्षांची असून तिला ऑटिझम आहे. ती अजून तोंडाने फार थोडे बोलते. तिच्या थेरपिस्टने चित्रांची कार्डे सुरू केली, तेव्हा माझ्या बहिणीने आणि आईने विरोध केला. चित्रे दाखवायची सवय लागली की ही कधीच बोलणार नाही, असे त्यांना वाटत होते. मलाही तीच भीती होती. आम्ही घरातलीच छायाचित्रे काढून कार्डे बनवली : तिचा पितळी पेला, झोपाळा, आंबील, अंगणातला हातपंप. पहिल्यांदा तिने हातपंपाचे कार्ड माझ्या हातात ठेवले आणि दाराकडे पाहिले, तेव्हा तिचे डोके आपटून घेणे का होत होते ते मला उमगले. तिला बाहेर जायचे असायचे आणि आम्ही तिला भाकर भरवत असायचो. कार्डे आल्यावर तो आकांत पुष्कळ कमी झाला. शब्द कमी झाले नाहीत; उलट कार्ड देताना ती आता "पा" म्हणते.

कागदपत्रांबद्दल एक सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, तसेच वाचा आणि भाषा दिव्यांगत्व यांचा समावेश आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज जरूर करावा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे. तिचे संरक्षण एक लाख रुपयांपर्यंत असून तिच्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे.

तुरीचा हंगाम

सर्वांचे लिहिणे पटते, पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो. माझी बायको दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाते. मुलाला आठवड्यातून दोनदा जिल्ह्याला न्या, असे आम्हाला सांगितले गेले. याचा अर्थ दोघांची दोन-दोन दिवसांची मजुरी बुडवणे. आम्ही पाच वेळा गेलो. त्यातही दोनदा थेरपिस्ट रजेवर होत्या आणि कोणी आधी कळवले नाही. सहाव्यांदा गेलो नाही. आम्हाला मुलाची काळजी नाही, असे त्यानंतर आम्हाला सुनावण्यात आले. ते शब्द अजून मनाला लागतात.

कपाशी

दादा, असे बोलणाऱ्यांनी तुमचा अपमान केला आहे. आमच्याकडेही पहिल्या तीन महिन्यांत हीच पाळी आली होती. मी ताईंना सरळ सांगितले की मला पंधरा दिवसांतून एकदाच येणे जमेल, तेव्हा त्यांनी रीत बदलली. त्या एका भेटीत फक्त एक किंवा दोन गोष्टी मला करून दाखवतात, माझ्याकडून करून घेतात आणि मधल्या काळात मी मुलासोबतचा दोन मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवते. मी कुठे घाई केली, कुठे त्याचा शब्द मीच बोलून टाकला, ते त्या लिहून कळवतात. निघण्याआधी फोन करून विचारायची सवयही लावून घेतली. मार्च २०२३ पासून महिलांना येस्टीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलाला घेऊन मी एकटीच जाते आणि ह्यांची मजुरी बुडत नाही. तुमच्या थेरपिस्टलाही असे विचारून पाहावे, असे मला वाटते.

पळसफूल

तुरीचा हंगाम, कपाशीताईंनी सांगितलेली रीत कमी दर्जाची तडजोड आहे, असे समजू नका. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना शिकवून घरी केलेले काम चांगले परिणाम देते. फक्त कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचे ऐकण्याचे यंत्र, बसवलेल्या मुलांना, टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर नाकातून बोलणाऱ्या मुलांना आणि उच्चारांची बारीक दुरुस्ती हवी असलेल्या मुलांना प्रत्यक्ष भेटी जास्त लागतात. इम्प्लांटच्या पालकांना तर मी हात जोडून सांगते की यंत्र बसवल्याने मूल ऐकू लागते. बोलणे त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांच्या थेरपीतून येते.

एक खबरदारी सर्वांनी घ्यावी. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. नोंदणीक्रमांक सांगणे हे आमचे कर्तव्यच आहे. तालुक्याच्या ठिकाणी चार दिवसांचे शिबिर पाहिलेली माणसेही आता "थेरपी सेंटर"च्या पाट्या लावू लागली आहेत. महिनाभरात बोलते करून देतो असे कोणी सांगितले तर तिथे पैसे भरू नका.

तुरीचा हंगाम

आज फोन केला होता. पंधरा दिवसांतून एकदा चालेल, असे त्या म्हणाल्या. येत्या मंगळवारी बायको जाणार आहे. घट्ट झाकणाचा डबा घरात नव्हता, म्हणून लोणच्याची बरणी धुऊन वाळत ठेवली आहे. मुरमुऱ्यांऐवजी फुटाणे चालतील काय?

पळसफूल

फुटाणे नकोत, लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. मुरमुरेच ठेवा. आणि बरणी काचेची असेल तर प्लास्टिकचा डबा घ्या.